खुराड्याचं आपोआप लागणारं दार: तीन घडणी आणि शेवटची कोंबडी

परसातल्या कोंबड्या तिन्हीसांजेला आपल्या आपण खुराड्यात शिरतात. त्यांना हाकलत आणावं लागत नाही, दार तेवढं वेळेवर लागावं लागतं. कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांना एक चुकलेली संध्याकाळ पुरते, म्हणून सेलवर चालणारं आपोआप उघडझाप करणारं दार ही चैन नाही, गरज आहे. मात्र विकत घेताना लोक मोटर, मोबाइलचं ॲप आणि सोलरची पट्टी पाहत बसतात. दाराची खरी परीक्षा सगळ्यांत शेवटी आत येणारी कोंबडी घेते. तिला आत घेऊन लागतं ते दार चांगलं. इथे तेच माप धरलं आहे.

बाजारात मुख्यतः तीन घडणी मिळतात. पहिलीत मोटरची पेटी वर भिंतीवर आणि पत्रा दोरीला टांगलेला, जसं चिकनगार्डचं मूळ यंत्र. दुसरीत चौकट, पत्रा आणि मोटर एकाच सांगाड्यात असून पत्रा सरळ वर-खाली जातो. रन-चिकन हे त्यातलं ओळखीचं नाव. तिसरीत दार आडवं सरकतं, जसं ऑम्लेटचं ऑटोडोअर.

दोरीचं दार सगळ्यांत सोपं, दुरुस्त करायला सोयीचं, आणि बिघडण्याच्या तऱ्हाही त्याच्याच सगळ्यांत जास्त. इथे मोटर फक्त उचलते. खाली येणं पत्र्याच्या वजनावर. त्यामुळे पत्रा फार हलका असेल तर तो खाचेत मध्येच अडकतो. 2 मिमी जाडीचा, 30 बाय 30 सेंमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण अर्धा किलो भरतो आणि नीट खाली येतो. प्लायवूड वापरू नये, ते पावसाळी हवेत फुगतं. खाचेत दोन्ही बाजूंना मिळून 4 ते 5 मिमी मोकळीक ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर धूळ बसली की दार अडतं, जास्त ठेवली तर पत्रा तिरका होऊन अडतो.

पत्रा वर अडकला की पुढचा घोटाळा सुरू होतो. मोटर दोरी सोडतच राहते, दोरी सैल पडते आणि रिळावर उलट्या दिशेने गुंडाळली जाते. त्या क्षणापासून यंत्राचं ‘खाली’ म्हणजे प्रत्यक्षात ‘वर’ होतं. दार संध्याकाळी उघडतं आणि सकाळी लागतं. पेटीवरचा दिवा मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. असं उलटं वागणारं दार दिसलं तर सेटिंगमध्ये शोधत बसू नका. दोरी पूर्ण मोकळी करा, हाताने ताणून धरा, योग्य दिशेने दोन वेढे घाला आणि वरची-खालची हद्द पुन्हा नेमून द्या.

दोरीच्या दाराला आणखी एक सोय करावी लागते. खालून नख किंवा नाक घालून पत्रा वर ढकलता येतो, कारण त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. बाहेरच्या बाजूने, बंद पत्र्याची खालची कड झाकेल अशी 2 ते 3 सेंमी उंचीची लाकडी पट्टी ठोकली की पकड मिळत नाही. एका सांगाड्यातल्या दारांत बहुधा मोटरचे गिअर उलटे फिरत नाहीत, त्यामुळे पत्रा हाताने उचलला जात नाही. घेण्याआधी दार बंद करून, तळहाताने जोर लावून पाहा. हलत असेल तर ती पट्टी तिथेही लागेल.

आडव्या दाराचा मोठा फायदा असा की ते कुणाच्या मानेवर पडत नाही. तोटा खालच्या खाचेत. कोंबडी दारात उभी राहून उकरते, आणि उकरलेला भुसा, वाळू, शीट थेट त्या खाचेत जाऊन बसते. ज्या खुराड्यात भुशाची गादी जाड असते तिथे हे दार दर आठवड्याला ब्रशने साफ करायची तयारी हवी. जाळीच्या आवाराला लावलं तर ही अडचण बरीच कमी.

कोणत्याही घडणीचं दार असो, बसवताना उंबरा भुशाच्या पातळीपासून 10 ते 15 सेंमी वर ठेवावा. एवढ्या एका गोष्टीने बरेच बिघाड टळतात. उंबरा खाली असला की सकाळच्या उकराउकरीत भुसा दारात येऊन साचतो आणि पत्रा त्यावर टेकून थांबतो. कोंबड्या चढ-उतर करतात ती उतरती फळी, म्हणजे उतरण, हीही दाराच्या रेषेत घेऊ नका. तिचं वरचं टोक पत्र्याच्या खालच्या कडेपासून दोन-तीन सेंमी खाली हवं.

चेंगरू नये म्हणून असलेली सोय हल्लीच्या बऱ्याच दारांत असते: अडथळा लागला की मोटरवरचा ताण वाढतो, दार थांबतं, परत उघडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा लागून पाहतं. सोय चांगली आणि घ्यावीच. पण तिला कोंबडी आणि काटकी यांतला फरक कळत नाही. गवताची काडी खाचेत आडवी आली तरी ती ‘कोंबडी आहे’ असंच समजते, आणि काही मॉडेल ठरावीक प्रयत्नांनंतर दार उघडंच ठेवतात. म्हणून दोन चाचण्या कराव्यात. अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली दारात आडवी ठेवून दार लावा. बाटली खोलवर चेपली गेली तर ताण जास्त लावला आहे. मग मूठभर भुसा उंबऱ्यावर टाकून दार लावा आणि ते किती वेळा प्रयत्न करून कशा अवस्थेत थांबतं ते पाहा. अडल्यावर लाल दिवा किंवा सूचना देणारं यंत्र या एका कारणासाठी पसंत करावं. ॲपचा खरा उपयोग मला तरी एवढाच दिसतो.

आता वेळ. यंत्रं दोन गोष्टींवर चालतात: घड्याळ किंवा उजेड. कोंबड्या स्वतः उजेडावर चालतात. अंधारात त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून दिवस कलला की त्या खुराड्यातल्या, रात्री बसायच्या दांडीकडे वळतात. ढगाळ दिवशी लवकर, स्वच्छ संध्याकाळी उशिरा. घड्याळाला हे समजत नाही. शिवाय सूर्यास्त सरकत असतो. 50 अंश अक्षांशाच्या आसपास मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो रोज जवळपास दोन मिनिटांनी सरकतो, म्हणजे पंधरवड्यात अर्धा तास. विषुववृत्ताजवळ हा फरक फार थोडा, तिथे घड्याळावरचं दारही वर्षभर जवळपास तसंच चालतं. इतरांनी उजेडावरचंच घ्यावं, आणि किती उजेडाला दार हलावं ती पातळी कमी-जास्त करायची सोय त्यात आहे का ते तपासावं. जास्तीची मिनिटं जोडता येत असतील तर उत्तम.

पातळी ठरवायची रीत सोपी आहे. चार-पाच संध्याकाळी दार उघडंच ठेवून शेवटची कोंबडी किती वाजता आत गेली ते लिहून ठेवा, त्यात एखादी ढगाळ संध्याकाळ असू द्या. सगळ्यांत उशिराच्या वेळेनंतर 15 ते 20 मिनिटांनी दार लागेल असा हिशेब करा. पहिली कोंबडी कधी गेली याला काही अर्थ नाही. ती बहुधा मोक्याची जागा अडवायला लवकर गेलेली असते.

उजेडाचा डोळा (सेन्सर) खुराड्याच्या आत नसावा, वळचणीच्या गडद सावलीत नसावा, आणि माणूस आला की पेटणाऱ्या अंगणातल्या दिव्यासमोर तर मुळीच नसावा. तो दिवा संध्याकाळी दोनदा पेटला तर दार लागण्याची वेळ पुढे ढकलली जाते. चांगल्या यंत्रात उजेड काही मिनिटं सलग कमी राहिल्याशिवाय दार हलत नाही. खग्रास सूर्यग्रहणात मात्र यंत्र आणि कोंबड्या दोघंही फसतात. या डोळ्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं किंवा धुळीचा थर बसला तर यंत्राला संध्याकाळ लवकर होते, म्हणून महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावं.

शेवटची कोंबडी शेवटची का, हे समजल्याशिवाय कुठलंही सेटिंग टिकत नाही. टोचाटोचीतली उतरंड, म्हणजे कोण कुणाला टोचते यावरून ठरणारा मान, नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डरुप-एबे यांनी 1922 साली मांडली, आणि ती रोज संध्याकाळी दांडीवर दिसते. वरच्या मानाची कोंबडी उंच जागा घेते. तळातली उंबऱ्यापर्यंत येते, मान आत घालते, एक टोच बसते, मागे फिरते. असं तीन-चारदा होतं. सगळ्या बसून शांत झाल्या की ती अंधारात हळूच शिरते. दाराने तिची ही मिनिटं हिरावून घेतली तर ती बाहेर राहते. उपाय दाराच्या बाहेरचा आहे: एका कोंबडीला दांडीवर 20 ते 25 सेंमी जागा, दोन दांड्या असतील तर दोन्ही एकाच उंचीवर, आणि दांडीवर बसलेलीची चोच दारातून शिरणारीपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर. हे केल्यावर तीच कोंबडी पाच-दहा मिनिटं लवकर आत येऊ लागते.

सगळा कळपच एकाएकी बाहेर घुटमळू लागला, खुराड्याच्या छपरावर किंवा झाडावर बसू लागला, तर दाराला दोष देऊ नका. रात्री टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू आणि तिची टोकं जिथे टेकतात त्या फटी पाहा. लाल माइट नावाचे बारीक, गोचिडीसारखे जीव दिवसा फटीत दडतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. ज्या खुराड्यात ते माजले तिथे कोंबडी शहाणपणानेच जात नाही, आणि दार रोज रिकाम्या खुराड्याला लागतं.

तलंगांचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांचं, वेगळं. त्यांना दाराचा अर्थच कळलेला नसतो. त्या खुराड्याखाली एकमेकींना बिलगून बसतात. नव्या जागी आठवडाभर कोंडून ठेवलं की ‘घर हे’ एवढं पक्कं होतं. त्यानंतरही कातरवेळी खुराड्यात वीस मिनिटं मंद दिवा लावला की त्या उजेडाकडे आपोआप वळतात. दार लागण्याआधी दिवा विझला पाहिजे असं नाही, पण दार लागल्यावर सगळ्या दांडीवर चढेपर्यंत तो असावा, नाहीतर त्या अंधारात जमिनीवरच राहतात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीची काळजी नको: ती दिवसातून एकदा खायला-प्यायला थोडा वेळ उठते, बाकी अंड्यांच्या पेटीतच असते.

मोटरच्या आवाजाची सवयही लावावी. पहिले तीन दिवस दुपारी दाण्याची मूठ दाराजवळ टाकून दार तीन-चारदा चालवा. सुरुवातीला सगळ्या उडून पळतात, तिसऱ्या दिवशी मानसुद्धा वर करत नाहीत.

सकाळी दार सहसा दगा देत नाही, गर्दी मात्र दारातच होते. वरच्या मानाची कोंबडी उंबऱ्यावर उभी राहून बाहेरचा अंदाज घेते आणि मागच्या तिला ढकलतात. कोंबडा आधी उतरून एक पंख जमिनीला घासत गिरकी घेतो आणि उतरणाऱ्या कोंबड्यांना तिथेच गाठायला बघतो. त्याला चुकवणाऱ्या आत थांबतात. दाराची रुंदी 30 सेंमी असली तर त्याच्या बाजूने निसटायला जागा राहते; ब्रह्मासारख्या थोराड जातींना उंचीही 35 ते 40 सेंमी हवी. एकत्र सांगाड्याची काही दारं याहून अरुंद असतात, माप बघूनच घ्यावं.

उन्हाळ्यात तांबडं फार लवकर फुटतं आणि तेव्हा शिकारी अजून हिंडत असतात. म्हणून उघडण्यासाठी ‘उजेड हवा, पण अमुक वाजण्याआधी नको’ असं दुहेरी सेटिंग असलेलं यंत्र घ्यावं. शेजाऱ्यांसाठी दार उशिरा उघडायचं ठरवलं तर आरवणं त्याने थांबणार नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि कोंबडा तांबड्यावर अवलंबूनही नाही: जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की त्याची पहाटेची बांग शरीरातल्या घड्याळावर चालते.

सेलबद्दल थोडक्यात. रिचार्जचे सेल 1.2 व्होल्टचे, चार मिळून 6 ऐवजी 4.8 व्होल्ट देतात, त्यामुळे काही यंत्रं पहिल्या दिवसापासून ‘सेल संपले’ दाखवतात. गोठवणाऱ्या थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, तिथे लिथियमचे घालावेत. सेल काढल्यावर घड्याळ शून्यावर जाणारं मॉडेल असेल तर दर बदलानंतर वेळ लावल्याशिवाय हलू नका. खाचेला तेल लावू नये, तेलावर धूळ चिकटते. कोरडा सिलिकॉन स्प्रे चालतो.

एवढं करून ही दारं कोंबड्या मोजत नाहीत. निदान पहिला महिनाभर दार लागल्यावर टॉर्च घेऊन दांडीवरची डोकी मोजावीत. एक कमी भरली तर लांब शोधू नका: ती बंद पत्र्याला अंग लावून, उतरणीखाली किंवा छपरावर बसलेली असते. दोन्ही पंख दाबून धरून उचला आणि तिला भुशावर न सोडता अंधारातच दांडीवर ठेवा. अंधारात बाकीच्या तिला टोचत नाहीत.