वॅगन आरच्या डिकीत चोरकप्पे : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं जवळपास सगळं काम पेशंटच्या घरी जाऊन चालतं. बहुतेक फेऱ्या ठाण्यात घोडबंदर रोडच्या आजूबाजूच्या, अधूनमधून वागळे इस्टेट किंवा कोपरी. गाडीत टेन्स मशीन (दुखण्यावर विजेचे हलके झटके देणारं), छोटं अल्ट्रासाउंड मशीन, जेलच्या बाटल्या, थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे), वजनाच्या पट्ट्या आणि घडीचा वॉकर कायम असतो. एका पेशंटकडे यातलं एखाद-दुसरंच लागतं. बाकीचं गाडीत राहतं आणि गाडी रस्त्यावर, कारण बहुतेक सोसायट्यांच्या गेटवर "मॅडम, गाडी बाहेर लावा" हेच ऐकायला मिळतं. आत बॅग दिसली की काच फोडून ती उचलायला मिनिटही लागत नाही. गाडीबरोबर आलेल्या पार्सल ट्रेने वरून झाकलं जातं खरं, पण ट्रेखाली काहीतरी असणार हे कोणालाही कळतं. आणि वॉकर आडवा टाकला की ट्रे नीट बसतही नाही.

म्हणून मार्चमध्ये डिकीत खोटा तळ टाकून त्याखाली चोरकप्पे करून घेतले. मे महिन्याचं ऊन आणि आता सरत आलेला पावसाळा, दोन्ही झाले. रोजच्या वापरानंतर लिहिते आहे, कारण करून घेण्याआधी मला अशी माहिती मराठीत कुठे सापडली नव्हती.

वॅगन आरला हे काम मानवतं, त्याला कारण आहे. 2019 नंतरच्या मॉडेलची डिकी 341 लिटरची आहे, छोट्या गाडीच्या मानाने भरपूर, पण ती खोल आहे. मागचं दार उघडल्यावर आधी उंच उंबरठा लागतो आणि तळ त्याच्या बराच खाली असतो. जड सामान आधी वर उचला, मग आत खाली सोडा, काढताना परत तीच कसरत. खोटा तळ मी उंबरठ्याच्या बरोबरीत घेतला. त्यामुळे वॉकर आता सरळ आत सरकतो, आणि दिवसभर पेशंटना उठवून-बसवून झाल्यावर माझ्या कमरेला हा फरक चांगलाच जाणवतो. हिशेब सोपा आहे: तळ साधारण अर्धा चौरस मीटर धरला तर दर 10 सेंटीमीटर उंचीला 50 लिटर जागा खाली मिळते. वरची तेवढी जागा जाते, हे उघड आहे. पण ती जागा तशीही भरली जात नव्हती. तिथे सामान एकमेकांवर कोसळून पडलेलं असायचं.

रचना तीन भागांची आहे. चाकांच्या कमानींमागे जे कोपरे राहतात तिथे डावी-उजवीकडे एकेक पेटी आणि मधे स्टेपनीच्या वर उचलून बाहेर काढता येणारा ट्रे. तिन्हींना स्वतंत्र झाकणं, आणि झाकणांवर गाडीच्या मूळ कार्पेटच्या रंगाशी जुळणारं गडद राखाडी कार्पेट. बाहेरून पाहणाऱ्याला रिकामी डिकी दिसते. कोपऱ्यांतल्या प्लास्टिकमागून टेललॅम्पच्या वायरी जातात, तिथे हात जाईल एवढी फट मुद्दाम सोडली आहे.

पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही, ही माझी अट होती. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, वायरिंग कुठून कसं गेलंय ते वरून दिसत नाही, आणि ठाण्याच्या पावसात पत्र्याला भोक म्हणजे गंजाला आमंत्रण. पण पेट्या नुसत्या ठेवून देणंही मला पटत नव्हतं. सगळं मिळून प्लायचंच वजन 14-15 किलो भरतं, वर मशीन आणि वजनाच्या पट्ट्या. जोरात ब्रेक लागला तर हे सगळं मागच्या सीटच्या पाठीवर आदळणार. तेव्हा स्टेपनी आवळणाऱ्या बोल्टच्या जागी त्याच आट्यांचा लांब बोल्ट वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून करून घेतला. त्यावर एक आडवी लोखंडी पट्टी येते, पट्टीची टोकं दोन्ही पेट्यांच्या कडांवर दाबून बसतात आणि वरून मोठा विंग नट आवळला की सगळं एकजीव होतं. पाना लागत नाही. डिकीतला मूळ पातळ बोर्ड घरी माळ्यावर ठेवला आहे.

प्लायबद्दल एकच आग्रहाने सांगते. साधा कमर्शियल प्लाय घेऊ नका. ओल्या छत्र्या, पावसात उघडलेलं मागचं दार, गाडी धुताना झिरपलेलं पाणी यांनी तो एका पावसाळ्यात फुगतो आणि मग झाकणं अडकतात. मी आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे ज्याला दुकानात मरीन प्लाय म्हणतात तो घेतला. वरच्या झाकणांना 12 एमएम, पेट्यांच्या बाजूंना 9 एमएम. कापलेल्या कडांमधून पाणी आधी शिरतं, म्हणून कार्पेट चढवण्याआधी मिस्त्रींकडून सगळ्या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे हात मारून घेतले. त्यांना ते अनावश्यक वाटत होतं, "मॅडम, आत कोण बघणार?" म्हणाले, पण केलं मनापासून. ऑगस्टअखेर सगळं बाहेर काढून कडा तपासल्या. कुठेही फुगवटा नाही. प्लाय, कार्पेट, बोल्ट-पट्टी आणि मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आसपास खर्च आला.

झाकणांमधली फट हा दिसायला किरकोळ पण कामाचा मुद्दा. कार्पेट कडेवरून खाली वळवून चिकटवतात, त्यामुळे प्रत्येक कडेची जाडी वाढते. दोन झाकणं शेजारी आली की ही वाढ दुप्पट होते. मिस्त्रींनी आधी कार्पेटचा तुकडा दोन प्लायच्या मधे दुहेरी धरून माप घेतलं आणि मगच झाकणं कापली. झाकणाला मूठ नाही. कार्पेटच्याच रंगाची बोटभर रुंद नायलॉनची पट्टी खालून स्क्रूने पक्की केली आहे आणि तिचं टोक फटीत दडलेलं असतं. नखाने टोक वर काढायचं, बोटाला वळसा घ्यायचा, ओढायचं. डाव्या हातात मशीन असलं तरी उजव्या हाताने झाकण उघडतं. रोज वापरताना सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडला. कप्पा उघडायला दोन हात आणि चार कृती लागल्या असत्या, तर चार दिवसांत मशीन पुन्हा मागच्या सीटवर आलं असतं.

आता आवाज. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, खड्डे आणि सर्व्हिस रोडचे सांधे असल्यामुळे गाडीतली प्रत्येक सैल गोष्ट तिथे बोलते. पहिल्या आठवड्यातच मागून तीन वेगवेगळे आवाज यायला लागले. बहिणीला मागच्या सीटवर बसवलं, मी गाडी सावकाश चालवली आणि आम्ही एकेक आवाज शोधून काढला. खड्ड्यात येणारी कोरडी टकटक जॅकच्या दांड्याची होती, त्याला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली. वळणावर येणारी करकर प्लायवर प्लाय घासल्याची. जिथे जिथे लाकूड लाकडाला टेकतं तिथे फेल्टच्या पट्ट्या आणि झाकण टेकतं त्या कडेवर दारांना लावतात तसली फोमची पट्टी लावल्यावर ती गेली. तिसरी, बारीक किणकिण, उजव्या पेटीच्या पियानो बिजागरीतून, म्हणजे झाकणाच्या पूर्ण लांबीच्या सलग बिजागरीतून येते. तिच्या लांब पिनेत जी मोकळीक असते तिला काही इलाज नाही. ग्रीस लावलं की काही दिवस थांबते, पण ग्रीसला धूळ चिकटते. डाव्या पेटीला बिजागरीच नाही, कार्पेटच सलग ठेवून त्याचीच बिजागरी केली आहे. ती अजून एकदाही वाजलेली नाही आणि कार्पेट कुठे फाटलेलंही नाही. छोट्या झाकणांसाठी धातूची बिजागरी लागतच नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

जुलैत गायमुखच्या चढावर, भर पावसात मागचं चाक बसलं. खोटा तळ करायचा म्हटल्यावर घरच्यांची पहिली शंका हीच होती की स्टेपनी काढणार कशी. मधला ट्रे भरल्यासकट उचलून मागच्या सीटवर ठेवला, विंग नट फिरवला, पट्टी बाजूला केली, स्टेपनी बाहेर. सामानातली एकही वस्तू ओल्या रस्त्यावर ठेवावी लागली नाही. एक रिक्षावाले दादा मदतीला थांबले, त्यांनी चाक बदलून दिलं आणि जाताना पट्टीची जोडणी दोनदा उघडून-लावून पाहिली. जॅक आणि पाना उजव्या पेटीत सगळ्यात वर असतात. त्यांच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम मी पाळते आणि भावालाही पाळायला लावते.

उन्हाबद्दल. उन्हात उभ्या गाडीत तापमान सहज 50 अंशांच्या पुढे जातं. तळाखाली डॅशबोर्डइतकं तापत नाही, पण थंडही नसतं. मे महिन्यात पेट्यांच्या उभ्या बाजूंवरचं कार्पेट सुटायला लागलं, कारण रबरी गोंद उष्णतेने मऊ पडतो. मिस्त्रींनी कडेने स्टेपल मारून दिल्यावर ते थांबलं. पॉवर बँक, सॅनिटायझर, डिओ आणि कोणतीही औषधं मी या कप्प्यांत ठेवत नाही. टेन्सचे चिकट पॅड उन्हाने वाळतात, ते माझ्याबरोबर पेशंटच्या घरी येतात. मशीनमधली बॅटरीही काढून ठेवते, कारण ती गळली तर मशीनचं नुकसान. पावसाळ्यात प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा झाकणं उघडून वारा, एवढ्याने बुरशी लागली नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून ओल आहे का तेही पाहत जा. वर तळ टाकला की तिकडे लक्ष जाणं बंद होतं.

चोरकप्प्याचा उपयोग तो भरताना कोणी पाहत नसेल तरच. मी सामान घरून निघतानाच लावते आणि एका पेशंटकडून निघताना पुढच्या पेशंटला लागणारी बॅग पुढे घेते. गाडी लावल्यावर तिथेच डिकी उघडून मशीन लपवायला बसलं, तर ज्याला पाहायचं त्याने पाहिलेलंच असतं. दागिने, रोख, लॅपटॉप रात्रभर ठेवायची ही जागा नाही. गाडीच गेली तर कप्पेही गेले, आणि गाडीच्या नेहमीच्या विम्यात आतलं वैयक्तिक सामान धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

कायद्याची बाजूही विचारून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. उचलून बाहेर काढता येणारी, पत्र्याला न जोडलेली पेटी त्यात येत नाही. सीट कायमची काढून कप्पे केले तर गोष्ट वेगळी. नाकाबंदीत डिकी उघडायला सांगितली की मी स्वतःच तिन्ही झाकणं उघडून दाखवते. पोलिसांपासून काही दडवायचं नाही, आणि शंका यायच्या आत दाखवलं की दोन मिनिटांत सोडतात.

सीएनजी गाडीत हे करू नका. डिकीत सिलिंडर असेल तर त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला हवा, हवा खेळती राहायला हवी आणि दर तीन वर्षांच्या तपासणीसाठी तो काढता यायला हवा. टाटाच्या दोन सिलिंडरवाल्या गाड्यांत वरून डिकी सपाट दिसते, पण सिलिंडर त्या तळाखालीच असतात, तिथे स्क्रू मारण्याचा विचारही नको.

दिवाळीआधी उजव्या पेटीची पियानो बिजागरी काढून तिथेही कार्पेटची बिजागरी करून घेणार आहे, मिस्त्रींनी अर्ध्या दिवसाचं काम सांगितलंय. मापं कोणाला हवी असतील तर देईन, पण गाडीचं वर्ष आधी सांगा. 2019 च्या आधीच्या वॅगन आरची डिकी वेगळी आहे, तिला ही मापं बसणार नाहीत.