मालधक्क्यावरची लॉरी: मेकॅनिकल हॉर्स की स्कॅरब, तयार की किट?

ब्रिटिश धर्तीचा मॉडेल रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या प्रतिकृतींची रेल्वे, करणारे आपल्याकडे मोजकेच, पण नेटाने करणारे आहेत. बहुतेकांच्या लेआउटवर एकच गोष्ट दिसते. इंजिनं, डबे, सिग्नल यांच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली असते आणि मालधक्का मात्र ओकाबोका असतो. डबा येऊन उभा राहिलाय, पण त्यातला माल गावात नेणार कोण? तिथे लॉरी हवी, आणि ती रेल्वेच्याच मालकीची हवी. गेल्या वर्षभरात तिघांनी मला विचारलं की नेमकी कुठली घेऊ, तयार घेऊ की किट आणून जोडू. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्या माल नुसता स्टेशनापर्यंत आणून मोकळ्या होत नसत. एका गावातल्या दुकानातून उचलायचा आणि दुसऱ्या गावातल्या दारात टाकायचा, असा त्यांचा धंदा होता. हे काम आधी घोडागाड्या करत. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या लॉऱ्या स्वस्तात विक्रीला निघाल्या. परतलेल्या सैनिकांनी त्या घेतल्या, माल वाहायला सुरुवात केली आणि रेल्वेचं गिऱ्हाईक पळवलं. १९२३ साली बहुतेक छोट्या-मोठ्या कंपन्या मिळून चार मोठ्या कंपन्या झाल्या होत्या: ग्रेट वेस्टर्न, एलएमएस, एलएनईआर आणि सदर्न. १९२८ च्या कायद्याने त्यांना रस्त्यावरच्या वाहतुकीचे व्यापक अधिकार मिळाले आणि त्यांच्या लॉऱ्यांचा ताफा झपाट्याने वाढला. तुमच्या लेआउटवर उभी राहणारी लॉरी त्या चुरशीतून आलेली आहे. ती निव्वळ शोभेची वस्तू नाही.

आधी साल ठरवा

साधी चारचाकी लॉरी, मेकॅनिकल हॉर्स आणि स्कॅरब (हे दोन्ही मागे ट्रेलर ओढणारे तीनचाकी ट्रॅक्टर) असे तीन पर्याय समोर असतात. यांतलं काय घ्यायचं हे आवडीपेक्षा सालावर ठरतं.

खेड्यातलं टोकाचं स्टेशन आणि साल १९२५ ते १९३५ असेल, तर साधी चारचाकी लॉरी शोभते. ग्रेट वेस्टर्नने आडगावांसाठी लॉरीसेवा चालवली होती. शेतावर खत आणि पेंड पोचवायची, परतताना तिथला माल घ्यायचा. त्यांच्याकडे थॉर्निक्रॉफ्टच्या लॉऱ्या भरपूर होत्या. मोटारीशी ग्रेट वेस्टर्नचं नातं तसं जुनंच होतं, हेल्स्टन ते लिझर्ड ही तिची मोटारबस १७ ऑगस्ट १९०३ लाच सुरू झाली होती. या पर्यायाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. लॉरी देखणी असते, पण एकदा उभी केली की उभीच.

शहरातला किंवा मध्यम गावातला मालधक्का असेल, तर खरी निवड मेकॅनिकल हॉर्स आणि स्कॅरब यांच्यात आहे.

मेकॅनिकल हॉर्स ही वॉटफर्डच्या स्कॅमेल कंपनीची गाडी. मूळ कल्पना नेपियर कंपनीची होती, ती स्कॅमेलने विकत घेऊन तडीस नेली. १९३०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात ती रस्त्यावर आली, ३ टन आणि ६ टन अशा दोन आकारांत. पुढे एकच चाक आणि मागे दोन. आपल्याकडचा जुना तीनचाकी टेम्पो आठवा, म्हणजे चेहरा लगेच डोळ्यांसमोर येईल. हे एक चाक इतकं वळायचं की गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरायची. लंडन किंवा बर्मिंगहॅमचे जुने मालधक्के घोड्याच्या मापाने बांधलेले होते. अरुंद बोळ, फरसबंदी, बुटक्या कमानी. चारचाकी लॉरी तिथे अडकायची आणि हा यांत्रिक घोडा मात्र सहज फिरायचा.

स्कॅरब हा त्याचा १९४८ मधला वारस. तीनच चाकं, पण तोंड गोलसर आणि बांधणी जास्त स्थिर. त्याचं उत्पादन १९६७ पर्यंत चाललं. इथेच नवखे लोक फसतात. १ जानेवारी १९४८ ला चारही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ब्रिटिश रेल्वेज जन्माला आली. म्हणजे स्कॅरबची विक्री वाढली तेव्हा ग्रेट वेस्टर्न इतिहासजमा झाली होती. ग्रेट वेस्टर्नच्या चॉकलेटी-क्रीम रंगातला स्कॅरब तुम्हाला कुणी विकत असेल, तर तो कितीही गोंडस दिसला तरी ठेवून द्या. उलटं मात्र चालतं. मेकॅनिकल हॉर्स राष्ट्रीयीकरणानंतरही बरीच वर्षं रस्त्यावर होते. त्यामुळे तुमचा लेआउट १९३५ ते १९५८ यांमधल्या कुठल्याही सालचा असला तरी मेकॅनिकल हॉर्स चुकत नाही, फक्त रंग सालाप्रमाणे घ्या. ग्रेट वेस्टर्नचा चॉकलेटी आणि क्रीम, सदर्नचा हिरवा, एलएनईआरचा निळा, एलएमएसचा लालसर मरून, आणि १९४८ नंतर ब्रिटिश रेल्वेजचा किरमिजी आणि क्रीम. साठच्या दशकात पिवळा आला. १९६९ मध्ये सुट्या मालाची ही ने-आण नॅशनल कॅरियर्सकडे गेली, तिथे आपल्या विषयाची हद्द संपते.

साल नक्की नसेल तर माझं मत सरळ आहे, मेकॅनिकल हॉर्स घ्या. वाफेची इंजिनं आणि शेवटी-शेवटी शिरलेली डिझेल असा पन्नाशी-साठीचा लेआउट ठरला असेल, तर स्कॅरब घ्या, कारण त्या काळातल्या स्टेशनबाहेरच्या चित्रात तो ठसठशीत दिसतो.

खरी गोष्ट ट्रेलरची

या गाड्या बघताना सगळ्यांची नजर पुढच्या तीनचाकी तोंडावर जाते. मला वाटतं, बघायचं ते ट्रेलरकडे.

घोडागाडीचा एक मोठा फायदा होता. गाडी भरत असताना घोडा सोडून दुसऱ्या गाडीला जुंपता यायचा. लॉरी आली आणि हे सुख गेलं. माल चढवायला दोन तास लागले, तर महागाचं इंजिन आणि ड्रायव्हर दोन तास नुसते उभे. मेकॅनिकल हॉर्सने नेमकं हेच सोडवलं. ट्रॅक्टर मागे सरकत ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली शिरायचा. त्याच्या पाठीवरच्या उतारावर ट्रेलरची छोटी चाकं चढायची, त्या चाकांचे पाय आपोआप मागे दुमडायचे, आकडे खटकन बसायचे, ब्रेकही जोडला जायचा. सोडताना ड्रायव्हरने बसल्या जागी दांडा ओढला की काम झालं. एका ट्रॅक्टरमागे तीन ट्रेलर ठेवता येत: एक धक्क्यावर भरतोय, एक दुकानासमोर रिकामा होतोय, एक रस्त्यावर आहे. स्कॅरबचीही जोडणी हीच, म्हणून जुने ट्रेलर नव्या ट्रॅक्टरला चालायचे.

त्यामुळे मॉडेल घेताना माझा पहिला प्रश्न असतो: ट्रेलर सुटा होतो का, आणि सुटल्यावर स्वतःच्या पायांवर उभा राहतो का? होत असेल तर घ्या. रिव्हेट मारून कायमचा जोडलेला असेल, तर दुसरं बघा. या खेळण्यांच्या इतिहासातही ही गोष्ट फार आधी ओळखली गेली होती. डिंकी या खेळण्यांच्या ब्रँडने १९३०च्या दशकातच मेकॅनिकल हॉर्स काढला होता, तो वेगवेगळ्या ट्रेलरसह, आणि बंदिस्त ट्रेलर चारही रेल्वे कंपन्यांच्या रंगांत. तो आता संग्राहकांचा माल आहे. मापाने तो ओओ, म्हणजे १:७६ च्या, लेआउटवर बसत नाही, तेव्हा जुन्या बाजारात दिसला तर कपाटासाठी घ्या, लेआउटसाठी नको.

तयार, किट की थ्रीडी प्रिंट

ओओ मापात ऑक्सफर्ड डायकास्टचे मेकॅनिकल हॉर्स आणि स्कॅरब दोन्ही तयार मिळतात. रंग आणि अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की हाताने तसं करणं माझ्या तरी आवाक्याबाहेर आहे. त्यांचे मेकॅनिकल हॉर्स एन मापातही, म्हणजे १:१४८ मध्ये, निघाले. तयार मॉडेलची कमी बाजू म्हणजे ते फार स्वच्छ आणि चकचकीत असतं, आणि दहाजणांच्या लेआउटवर हुबेहूब तेच दिसतं. त्यावर मॅट वार्निशचा एक हलका हात द्या, चाकांच्या आतल्या कडेला तपकिरी पावडर चोळा, ट्रेलरच्या फळ्यांवर पातळ करड्या रंगाचा ओघळ सोडा. अर्ध्या तासात खेळण्याचं रूपांतर लॉरीत होतं. गाडीचं तोंड मात्र फार मळवू नका, रेल्वेच्या गाड्या धुतल्या जायच्या.

व्हाइटमेटलचं, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचं, किट हा दुसरा रस्ता. लँग्लीसारखे उत्पादक रस्त्यावरच्या गाड्यांची अशी किटं बनवतात. हातात घेतलं की वजन जाणवतं आणि ते वजन मला आवडतं. भाग साच्यातून येतात, त्यांच्या कडेला पातळ पापुद्रे असतात. ते बारीक कानशीने काढायचे, मग पॉलिश पेपर. जोडायला आरल्डाइट उत्तम, कारण सरळ करायला वेळ मिळतो. फेव्हिक्विकने एकदा वाकडं चिकटलं की वाकडंच. सोल्डर करायचं असेल तर ७० अंशांना वितळणारं खास सोल्डर आणि तापमान कमी करता येणारं सोल्डरिंग आयर्न लागतं. साध्या आयर्नने सोल्डरच्या आधी लॉरीच वितळते.

पुढचं एकच चाक ही तीनचाकी किटची अवघड जागा. चारचाकीत एखादं चाक केसभर वर राहिलं तर कुणाला कळत नाही. इथे पुढचं चाक एका बाजूला जरा कललं की अख्खी गाडी लंगडी दिसते. मी मागची दोन चाकं आधी पक्की करतो, गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवतो आणि पुढचं चाक आरल्डाइट ओलं असतानाच समोरून, डोळा काचेच्या पातळीवर आणून सरळ करतो. मग रात्रभर हात लावत नाही.

रंगाबद्दल एक अनुभव. माझी पहिली एलएमएस लॉरी मी जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना स्प्रेने रंगवली. तासाभराने मरून रंगावर दुधाच्या सायीसारखी पांढरट झाक आली. हवेतला दमटपणा रंगात अडकला होता. सगळा रंग उतरवून दिवाळीनंतर परत केला. कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात स्प्रे टाळा. त्या चार महिन्यांत कानस आणि जोडणीचं काम उरकून घ्या, फारच घाई असेल तर ब्रशने अ‍ॅक्रिलिक लावा.

थ्रीडी प्रिंट ही तिसरी वाट. पृष्ठभागावर बारीक थर दिसतात, ते घासावे लागतात, आणि रेझिनचे पातळ पाय किंवा आरसे सहज मोडतात. पण दोन बाबतींत तिला तोड नाही. तयार न मिळणारे ट्रेलर, म्हणजे सपाट, कठड्याचे किंवा कंटेनर ठेवायचे, इथल्या इथे छापून घेता येतात, परदेशातून पार्सलची वाट बघावी लागत नाही. आणि माप बदलता येतं.

मापाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे अनेकांचे रूळ-डबे एचओचे, म्हणजे १:८७ चे असतात. १:७६ ची लॉरी त्या डब्यांशेजारी साधारण १४ टक्के मोठी दिसते. कागदावर १४ टक्के थोडे वाटतात, पण लॉरीचं दार शेजारच्या माणसाच्या डोक्याच्या वर गेलं की नजर लगेच तिथे जाते. १:७६ ची प्रिंट फाइल असेल तर ती ८७.४ टक्क्यांवर आणून छापा, माप बसेल. ब्रिटिश ओओवाल्यांना ही चिंता नाही. ओओत दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, म्हणजे मापाच्या हिशोबाने खऱ्यापेक्षा कमी असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लॉरीला रुळांशी कर्तव्य नाही, ती डब्याशेजारी उभी राहते, आणि डबा व लॉरी दोन्ही फुटाला ४ मिमी या एकाच हिशोबाने केलेले असतात. सोळा फुटी ट्रेलर ओओत ६४ मिमी भरतो, एनमध्ये जेमतेम ३३. एन मापात किटच्या भानगडीत पडू नका, तयार घ्या. ओ मापात, म्हणजे फुटाला ७ मिमी या हिशोबाने, तोच ट्रेलर ११२ मिमीचा होतो, तिथे दुमडणारे पायसुद्धा खरे करता येतात, आणि जोडण्याची हौस असेल तर ती तिथेच भागते.

तेव्हा पहिल्यांदाच घेत असाल तर ओओमध्ये एक तयार मेकॅनिकल हॉर्स घ्या आणि त्याच्यासाठी दोन जादा ट्रेलर स्वतः करा, किटमधून किंवा प्रिंटमधून. ट्रॅक्टर रंगवण्याची जोखीम नाही, आणि ट्रेलर करताना हात बसतो. ट्रेलरवर ताडपत्री टाकायची तर टिश्यू पेपर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून मालावर पसरा, ओला असतानाच चिमट्याने चुण्या पाडा, वाळल्यावर काळपट करड्या रंगाचा हात द्या आणि शिवणाच्या दोऱ्याने आवळा.

एक ट्रेलर धक्क्याला पाठ लावून, पायांवर उभा, अर्धा भरलेला. दुसरा ताडपत्री बांधून तयार. ट्रॅक्टर या दोघांच्या मधे, कुणालाच न जोडलेला, तयार ट्रेलरकडे पाठ करून, बोटभर अंतरावर. शेजारी एक घोडागाडीही ठेवली तर चुकणार नाही. रेल्वेने घोडे एका दिवसात काढले नाहीत, डबे ओढणारा शेवटचा घोडा न्यूमार्केटला १९६७ पर्यंत कामावर होता. ते बोटभर अंतर मात्र सोडा. माझ्या लेआउटवर लोक आधी त्या फटीकडेच बघतात आणि विचारतात, आता हा मागे येणार ना?