अँडी वॉरहोल की कीथ हॅरिंग, या दोन अमेरिकन चित्रकारांपैकी पाच-सहा वर्षांच्या मुलांना आधी कोण दाखवायचा?
कोथरूडला आमच्या सोसायटीत रविवारी मुलांना चित्रकला शिकवते, दोन्ही करून बघितलंय. वॉरहोलची १९६२ ची सूपच्या डब्यांची चित्रं, ३२ कॅनव्हास, प्रत्येक फ्लेवरचा एक, हे दाखवलं की मग आम्ही भेंडी कापून ठसे मारतो, एकच ठसा परत परत, आणि चौथ्या वेळेला रंग संपत येऊन तो फिकट उमटतो ना, तिथे मुलं थांबून बघतातच. पण तयारी फार, नंतर फरशी पुसा. कीथ हॅरिंगला काळा कागद नि पांढरा खडू बास, तो न्यूयॉर्कच्या सबवेत जाहिरातींच्या रिकाम्या जागी असंच काढायचा. रेघ एकदा मारली की मारली, खोडरबर कोणी मागत नाही, हात किती धीट होतो! मी तरी हॅरिंगच आधी घेईन, वॉरहोल दिवाळीच्या सुट्टीत.