साबण की सॅनिटायझर? गेटवर, घरात आणि लोकलमध्ये काय ठेवावं

मार्च २०२० मध्ये आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीत कमिटीची मीटिंग पार्किंगमध्ये, लांब लांब उभं राहून झाली. विषय एकच होता: गेटवर काय ठेवायचं? कोणाला पायानं दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड हवा होता. कोणी व्हॉट्सॲपवर माणसांवर जंतुनाशक फवारणाऱ्या बोगद्याचा व्हिडिओ पाहून तसाच आणू या म्हणत होतं. तळमजल्यावरच्या आजी मात्र एवढंच म्हणाल्या, "अरे, एक नळ काढा आणि साबण ठेवा." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तेव्हा खजिनदार मी होते आणि स्टँडचं बिल मीच पास केलं. पुढची दोन वर्षं तो स्टँड, त्यातलं भरण आणि लोकांचे हात रोज पाहिले. पुन्हा एखादी साथ आली आणि तुमची कमिटी किंवा तुमचं घर याच प्रश्नापाशी अडलं, तर आमचा खर्च आणि चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

साबण आणि सॅनिटायझर एकच काम करतात असं समजून आम्ही तुलना केली, आणि तिथेच घोळ झाला. दोघांचं काम वेगळं आहे.

कोरोना आणि फ्लू यांच्या विषाणूंवर चरबीचं पातळ आवरण असतं. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट पदार्थाला. त्यामुळे ते आवरण फाटतं आणि हातावरचा मळ, तेल, जंतू सगळं सुटून पाण्याबरोबर वाहून जातं. यातलं वाहून जाणं फार महत्त्वाचं. काही जंतू साबणानं मरत नाहीत, पण हातावरून निघून जातात आणि आपलं काम होतं. सॅनिटायझरमध्ये वाहून जाणं नसतं. त्यातलं अल्कोहोल विषाणूचं आवरण आणि प्रथिनं जागच्या जागी मोडतं. मळ हातावरच राहतो, आणि मळाखाली अल्कोहोल नीट पोचत नाही.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न स्वतःच्या हाताला विचारायचा. हात दिसायला स्वच्छ आहेत का? जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन आलात, बटाट्याची माती बोटांना लागली आहे, मासे साफ केलेत, बाळाचं लंगोट बदललंत, तर सॅनिटायझरचा उपयोग नाही, साबणच हवा. लॅपटॉप आणि लिफ्टचं बटण एवढंच हाताळलं असेल तर दोन्ही चालतात. पावसाळ्यात हे जास्त लक्षात ठेवायला हवं. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. जंतांची अंडीही त्याला दाद देत नाहीत. घरात एकाला जुलाब सुरू झाले आणि बाकीचे सॅनिटायझर चोळत बसले, तर ते सुरक्षित नाहीत.

आता वेळ. साबणानं हात किमान २० सेकंद चोळायचे असतात. ओले करणं, धुणं, पुसणं धरून जागतिक आरोग्य संघटनेनं हा सगळा प्रकार ४० ते ६० सेकंदांचा सांगितला आहे. सॅनिटायझर २० ते ३० सेकंदांत होतो, आणि तोही हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चोळला तरच. आमच्या स्टँडजवळ लोक काय करायचे? पाय दाबला न दाबला, दोन थेंब, तळव्यावर तळवा एकदा फिरवला आणि आत. अंगठा, नखांची टोकं, बोटांच्या बेचक्या कोरड्याच राहायच्या. तळहाताचा खळगा भरेल इतकं घ्यावं लागतं. तेवढं प्रत्येकानं घेतलं असतं तर आमचा पाच लिटरचा कॅन किती दिवस पुरला असता, हा हिशेब खजिनदार असूनही मी खरेदीआधी केला नव्हता.

बाटलीवर काय वाचायचं

सॅनिटायझरच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांत इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल ७५ टक्के असतं, सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ग्लिसरीन. "मग शंभर टक्के अल्कोहोल अजून चांगलं की!" असं आमच्याकडे एक काका ठासून सांगायचे. तसं नसतं. प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल हातावर टिकण्याआधीच उडून जातं. दुसऱ्या टोकाला 'अल्कोहोल-विरहित' असं लिहिलेल्या सुगंधी बाटल्या होत्या. साथीत त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

२१ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं २०० मिलीलिटरच्या बाटलीची किंमत १०० रुपयांवर बांधली, कारण त्याआधी जो तो मनाला येईल ती किंमत लावत होता. तरीही आम्ही एका विक्रेत्याकडून लेबल नसलेला कॅन घेतला. स्वस्त मिळाला. आठवडाभरात लोक म्हणू लागले की हाताला गार लागत नाही, नुसता चिकट वाटतो. त्यात किती पाणी होतं ते देव जाणे. आज वाटतं, पाण्यावर निभावलं हे नशीब. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मिथेनॉल असलेल्या सॅनिटायझरबद्दल एकामागून एक इशारे द्यावे लागले. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. त्यामुळे घटक, टक्केवारी, उत्पादन परवाना आणि मुदत छापलेली नसेल तो कॅन कितीही स्वस्त असला तरी सोसायटीत आणू नका.

साबणाच्या बाबतीत ही डोकेदुखी नाही. दहा रुपयांची साधी वडी आणि महागडा 'जंतुनाशक' साबण यांत हात धुण्यापुरता फरक नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ रसायनं घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद झाली, कारण ती साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. सगळ्यांनी एकच वडी वापरली तर रोग पसरेल का, ही शंका आमच्याकडे फार जणांना होती. वडी हातावर घोळवून फेस करून धुतली की ती अडचण राहत नाही. फक्त ती पाण्यात लिबलिबीत पडू देऊ नये, भोकं असलेल्या साबणदाणीत किंवा जाळीच्या पिशवीत टांगून ठेवावी.

पाण्याचं काय?

ठाण्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. घोडबंदर रोडवरच्या कित्येक सोसायट्या टँकरवर दिवस काढतात, आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या स्टेम किंवा एमआयडीसीच्या लाइनची दुरुस्ती निघाली की बाकीच्यांचेही नळ कोरडे. कमिटीत साबणाविरुद्ध सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता. पण नळ बंद ठेवून फेस केला आणि शेवटी धुतलं, तर एका मगात दोन्ही हात स्वच्छ होतात. पाणी जातं ते वीस सेकंद नळ सोडून ठेवल्यानं. पाणी थंड असो वा कोमट, काही बिघडत नाही. बादली असेल तर मात्र त्यात हात बुडवायचे नाहीत, दुसऱ्यानं वरून ओतायचं. नाहीतर पहिल्याचे जंतू तिसऱ्याच्या हातावर.

टाक्या खरोखरच रिकाम्या असतील, त्या दिवसापुरता सॅनिटायझर पुढे करा. एवढ्यासाठी एक बाटली राखून ठेवायला हरकत नाही.

हातांची कातडी

याचा विचार आम्ही केलाच नाही, आणि त्याची किंमत वॉचमन काकांनी मोजली. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाची वही, पार्सल, गेटची कडी, आणि दर वेळी सॅनिटायझर. महिनाभरात त्यांच्या बोटांना चिरा पडल्या. चिरांवर अल्कोहोल लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून शेवटी त्यांनी हात स्वच्छ करणंच सोडलं, आणि ते कोणाला सांगितलं नाही. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं, विचारायचं काम आमचं होतं.

वारंवार साबणानं धुतलं तरी कातडीचं नैसर्गिक तेल जातं. ग्लिसरीन असलेला चांगला सॅनिटायझर त्या मानानं सौम्य असतो. पण चिरा पडल्यावर तो झोंबतो. साबणानं धुतल्याबरोबर वरून सॅनिटायझर लावायची सवय अनेकांना लागली होती. त्यानं फायदा काही नाही, कातडी मात्र लवकर फाटते. दोन्हींपैकी एकच करा, हात पुसून कोरडे करा आणि रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. गेटवरच्या माणसासाठी त्याची डबी सोसायटीच्या खर्चातच धरा.

कुठे काय

घरात साबण, यात मला आता अजिबात शंका नाही. बेसिन चार पावलांवर असताना बाटलीवर पैसे कशाला? शिवाय लहान मुलं असतील तर बाटली धोक्याची. रंगीत, सुगंधी द्रव मूल तोंडात घालू शकतं आणि थोडंसं अल्कोहोलही त्याला महागात पडतं. स्वयंपाकघरातही सॅनिटायझर नको. ओल्या हातानं गॅस पेटवला तर ज्वाळा पकडते. देवापुढे निरांजन लावताना, दिवाळीत पणत्या लावताना हात साबणानंच धुवा. घरकामाला येणाऱ्या मावशींना दारात सॅनिटायझर शिंपडून आत घेण्यापेक्षा बेसिन दाखवा आणि त्यांच्यासाठी वेगळा स्वच्छ नॅपकिन ठेवा. ओल्या हातांवर जंतू सहज चढतात, म्हणून पुसणं हा धुण्याचाच भाग आहे.

लोकल, टीएमटीची बस, रिक्षा, इथे सॅनिटायझर जिंकतो, कारण तिथे नळच नाही. पर्समध्ये ५० मिलीची बाटली पुरते. ठाण्याला फास्ट लोकल पकडताना खांब, हँडल, दुसऱ्याची बॅग सगळ्याला हात लागतो, आणि मध्येच बाटली काढायला जागाही नसते. त्यामुळे गाडीत असेपर्यंत हात चेहऱ्याकडे न्यायचा नाही, आणि उतरल्यावर, डबा उघडायच्या आधी, बाटली काढायची. हे एवढं पाळलं तरी बाटलीचे पैसे वसूल. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती सोडू नका.

गेटवर? इथे माझं मत पूर्ण फिरलं आहे. नळ आणि साबण. सामान घेऊन येणारे, डिलिव्हरीची मुलं, खेळून आलेली पोरं, यांचे हात मळलेले असतात, आणि मळलेल्या हातावर सॅनिटायझर वाया जातो. स्टँड लिफ्टजवळ ठेवा, हवा असेल तर.

पण हाताच्या पलीकडे

हात धुतल्यानं श्वास सुरक्षित होत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. पहिल्या वर्षी आमचा वेळ आणि पैसा दुधाच्या पिशव्या पुसण्यात, जिन्याचे कठडे हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं पुसण्यात गेला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये एकापेक्षाही कमी आहे. हा रोग मुख्यतः हवेतून येत होता. क्लब हाऊसच्या बंद खोलीत मास्क खाली करून घेतलेली अर्ध्या तासाची मीटिंग त्या कठड्यांपेक्षा कितीतरी धोक्याची होती, आणि आम्ही तीही घेतली. पुढची साथ पोटाची असेल तर हात आणि पाणी आधी. श्वासाची असेल तर खिडक्या आणि मास्क आधी, हात त्यांच्या जोडीला.

मास्कमध्ये कापडी, तीन थरांचा सर्जिकल आणि एन९५ असे तीन पर्याय. एन९५ किमान ९५ टक्के बारीक कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर तो बसत नाही. गर्दीच्या लोकलसाठी, घरातल्या आजाऱ्याची सेवा करताना आणि साठीच्या पुढच्यांसाठी मी तोच घेईन. तो धुवायचा नसतो. दोन-तीन ठेवून, कागदी पिशवीत वाळवून आलटून पालटून वापरता येतो. झडप असलेला मात्र नको. त्यातून आपला श्वास गाळल्याशिवाय बाहेर जातो, आणि जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानंही त्याविरुद्ध राज्यांना पत्र लिहिलं होतं. बाजारात दहा मिनिटांसाठी नीट बसणारा सर्जिकल चालतो. कापडी फक्त दुसरं काही नसेल तर.

हातमोजे घेऊ नका. मोजा घातलेला हात तसाच मोबाइलला आणि नाकाला लागतो, आणि माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

फवारणीचा बोगदा तर नकोच. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं स्पष्ट कळवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा बोगद्यांवर बंदी घालायला सांगितलं. आमच्या मीटिंगमध्ये तो ठराव दोन मतांनी हुकला होता. दमा असलेली दोन मुलं आमच्या इमारतीत आहेत, आणि ती दोन मतं आठवली की आजही छातीत धस्स होतं.

तुमच्या कमिटीला गेटवर नळ काढायचा असेल तर प्लंबरला आधी सांडपाण्याची वाट विचारा. वॉचमनच्या केबिनला पाण्याची लाइन बहुतेक ठिकाणी असतेच, तिच्यावरून टी काढून नळ घेता येतो, पण पाणी जायला उतार नसेल तर आठ दिवसांत तिथे डबकं होतं आणि डास. नळाची उंची मुलांचा हात पोचेल अशी ठेवा, फिरवायच्या नळापेक्षा कोपरानं ढकलायचा लांब दांडीचा लावा. आमचा बसवायला एक दिवस लागला, २०२१ च्या पावसाळ्याआधी. तळमजल्यावरच्या आजींनी पहिली वडी स्वतःच्या घरून आणून ठेवली.