पक्षाघातानंतर गोल्फ : नऊ महिने खेळल्यावर

गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि माझी डावी बाजू गेली. पाय ब्रेस लावून हळूहळू चालता झाला, हाताची मूठ मात्र उघडेना. फिजिओथेरपी नियमित चालू होती. पण आरशासमोर उभं राहून "डाव्या पायावर वजन टाका" हे वीस-वीस वेळा करताना पडायची इतकी भीती वाटायची, की मी वजन टाकल्यासारखं करून झटकन उजव्यावर यायचो. फिजिओला ते दिसायचंच.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, केरीला राहतो. इथून जेमतेम दीड तासावर पाइनहर्स्ट, गोल्फसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या सहा नंबरच्या गोल्फ कोर्सवर 2022 साली पहिली यूएस अडॅप्टिव्ह ओपन झाली, खास अपंग खेळाडूंसाठी. महिलांमध्ये जिंकलेल्या किम मूर यांना जन्मापासून उजवं पाऊल नाही. माझ्या फिजिओने त्यांच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, एकदा रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, जाऊन तर बघा. तोवर मी गोल्फची काठी हातात धरली नव्हती. सांगलीत आम्ही क्रिकेटवाले.

पहिलाच प्रश्न निघाला तो उभं कुठल्या बाजूने राहायचं. प्रशिक्षकाचं म्हणणं, एकट्या उजव्या हाताने खेळायचं तर डावखुऱ्यासारखे उभे राहा. हात पुढे राहतो, चेंडू लांब जातो. फिजिओने हरकत घेतली. तसं खेळलं तर फटक्याच्या शेवटी सगळा भार उजव्या, म्हणजे चांगल्या पायावर येणार. उजव्या हाताच्या खेळाडूसारखं उभं राहिलं तर चेंडू गेल्यावर शरीर आपोआप डाव्या पायावर जातं. मी लांबी सोडली, डावा पाय धरला. माझ्या मते नऊ महिन्यांतला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. तिसऱ्या आठवड्यात एक फटका बरा बसला, चेंडू कुठे पडतो ते बघत उभा राहिलो, तेव्हा बायको मागून म्हणाली, "अहो, डाव्या पायावर उभे आहात!" मला पत्ताच नव्हता.

सामान फार लागत नाही. मी सात नंबरची आयर्न, म्हणजे मध्यम अंतराची काठी, आणि पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून खड्ड्याकडे ढकलायची काठी, एवढ्यावर भागवतो. पटिंगला डावा हात वेल्क्रोच्या पट्ट्याच्या हातमोज्याने काठीला बांधतो. तो हात काम करत नाही, पण सोबत जातो, आणि खांद्याला हालचाल मिळते. पटरच्या टोकाला रबरी वाटी लावली आहे, तिने चेंडू न वाकता उचलता येतो. तुमचा खांदा सांध्यातून खाली उतरला असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. झटक्यानंतर बऱ्याच जणांचा उतरतो.

एक वाईट अनुभवही सांगायला हवा. पावसानंतर एका कोर्सवर खेळाडूंना नेणाऱ्या गोल्फच्या छोट्या गाड्या डांबरी वाटेवरच ठेवायचा नियम लावला होता. माझ्या गाडीला अपंगांचा झेंडा होता, तरी सूट दिली नाही. चेंडूपर्यंत ओल्या गवतातून चालत गेलो आणि पडलो. हाड शाबूत राहिलं, पण दोन आठवडे बाहेर पडायची हिंमत झाली नाही. 2023 पासून अपंग खेळाडूंसाठीचे बदल गोल्फच्या मूळ नियमावलीतच आले आहेत, पंचविसावा नियम म्हणून. कागदावर एवढं झालेलं असताना गेटवरच्या माणसाला ते कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे. आता निघण्यापूर्वी फोन करून विचारतो.

खर्च म्हणाल तर सुरुवातीचे धडे एका संस्थेकडून फुकट मिळाले. माजी सैनिकांसाठी पीजीए या अमेरिकेतल्या गोल्फ प्रशिक्षकांच्या संघटनेचा पीजीए होप हा मोफत कार्यक्रम आहे, घरात कुणी असेल तर जरूर विचारा.

आई दर रविवारी फोनवर विचारते, "हात हलतोय का रे बाळा?" खरं सांगायचं तर मूठ अजून उघडलेली नाही. गोल्फने ती उघडेल असं मी कुणाला सांगणार नाही. पण घरातला जिना आता कठडा न धरता उतरतो, आणि रात्री झोप लागते, जी झटक्यानंतर गेलीच होती.

सध्या मी सलग चार होल खेळतो; एक होल म्हणजे चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा एक टप्पा. पाचव्याला खड्ड्याभोवतीच्या हिरवळीपाशी उतार आहे आणि तिथे डावा गुडघा थरथरतो. फिजिओने त्यासाठी फळी तिरकी ठेवून सराव लावला आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी.