बेन्शी अनुभवायचाय? प्रत्यक्ष शो, डीव्हीडी की व्हीआर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, जपानात मूकपट दाखवताना पडद्याच्या बाजूला एक माणूस उभा राहायचा, तो सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, मधेच गोष्ट सांगायचा, मूड असेल तर शेरेही मारायचा, तो बेन्शी. १९२० च्या दशकात असे हजारो बेन्शी होते आणि लोक हिरो कोण आहे यापेक्षा आज बोलणार कोण हे बघून तिकीट काढायचे. मग बोलपट आले, १९३२ ला टोकियोत संपसुद्धा झाला (‘सेव्हन सामुराई’वाला दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा मोठा भाऊ हेइगो बेन्शी होता, संपात पुढे होता, पुढच्याच वर्षी त्याने जीव दिला), पण धंदा बसला तो बसलाच.

आता ही कला व्हीआरमधून, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून आपण त्याच हॉलमध्ये बसलोय असं भासवणाऱ्या तंत्रातून, परत उभी करायची कल्पना आहे. तर फिल्म क्लबसाठी किंवा स्वतःसाठी काय निवडायचं?

डीव्हीडी सगळ्यात सोपी. ‘टॉकिंग सायलेंट्स’ नावाच्या सिरीजमध्ये मात्सुदा शुन्सुइ आणि त्यांची शिष्या सावातो मिदोरी यांचं निवेदन आहे, इंग्रजी सबटायटल्स आहेत, घरी बसून बघा. अभ्यासाला मस्त, पण कानावर फक्त आवाज येतो, माणूस दिसतच नाही, आणि थोड्या वेळाने आपण त्याला डबिंग समजायला लागतो. तिथेच सगळी मजा जाते.

प्रत्यक्ष शो बघायला मिळाला तर बाकीचं वाचूच नका. काताओका इचिरोसारखे आजचे बेन्शी स्क्रिप्ट स्वतः लिहितात, त्यामुळे एकच सिनेमा दोन बेन्शींकडून बघितला तर दोन वेगळे सिनेमे होतात. लोक हसले की ते थांबतात, शांत झाले की आवाज खाली आणतात, आपल्याकडे कीर्तनकार समोरची गर्दी बघून रंग चढवतो ना, तसंच. अडचण एवढीच की त्यासाठी टोकियोत असायला हवं, नाहीतर २०२४ सारखा अमेरिकेचा दौरा लागला तर तिकडे कोणीतरी नातेवाईक हवेत.

व्हीआरबद्दल मी आधी नाकच मुरडणार होतो, चपटा काळा-पांढरा सिनेमा बघायला डोक्याला डबा कशाला बांधायचा. पण डीव्हीडी जे देऊ शकत नाही ते नेमकं इथे मिळू शकतं. पडदा समोर, बाजूला छोट्या टेबलावर दिवा, त्या उजेडात बेन्शी, जवळ शामिसेन (जपानी तंतुवाद्य) आणि व्हायोलिन एकत्र वाजतंय, आणि कधी पडद्याकडे बघायचं, कधी बेन्शीकडे, हे तुमचं तुम्ही ठरवता. दुसरं म्हणजे स्पीड. तेव्हा प्रोजेक्टर हाताने फिरवायचे आणि बेन्शी ऑपरेटरला सांगून रीळ हळू-जलद करून घ्यायचा, लांबलचक संवाद मारायचा असेल तर सीनच ताणायचा. डीव्हीडीत हे शक्यच नाही, पण व्हीआरमध्ये दुसऱ्या टोकाला जिवंत बेन्शी बसलेला असेल आणि फ्रेम रेट, म्हणजे चित्रं सरकण्याचा वेग, त्याच्या हातात दिला तर हे खरंच परत करता येईल.

पण रेकॉर्ड केलेला थ्रीडी बेन्शी नुसता हॉलमध्ये उभा केला असेल तर मला त्यात अर्थ वाटत नाही. तो तुमच्याकडे बघणार नाही, तुम्ही हसलात तरी तो आपलं पुढे चालू, म्हणजे शेवटी डीव्हीडीच, फक्त गाल दुखवणारी. आणि कोणी म्हणालं की त्या काळचा गाजलेला बेन्शी तोकुगावा मुसेइला एआयने जिवंत केलंय तर जरा दमानं घ्या. त्या काळच्या बेन्शींचं जे ऐकायला मिळतं ते मुख्यतः ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर, एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटं, तीही निवडक प्रसंगांची. त्यावरून आख्खा सिनेमा बोलवून घेतला तर तो मुसेइ नाही, कुणीतरी केलेली त्याची नक्कल.

माझा क्रम सांगतो. प्रत्यक्ष शो पहिला, मग लाइव्ह बेन्शी असलेलं व्हीआर, मग डीव्हीडी, आणि रेकॉर्डेड अवतारवालं व्हीआर सगळ्यात शेवटी, डीव्हीडीच्याही खाली. क्लबवाल्यांनी बुकिंगआधी दोनच गोष्टी विचाराव्यात, बेन्शी त्या वेळी खरंच बोलतोय का, आणि सबटायटल्स पडद्याखाली स्थिर आहेत की मान वळवली की सोबत फिरतात. फिरत असतील तर पैसे वाचवा, बेन्शीकडे बघायला मान वळवली की त्याच्या तोंडावरच अक्षरं येतात.