इसबगोल की घरचं ताक?
पंचवटीतल्या आमच्या मावशींना बरीच वर्षं मधुमेह, त्यात पोट साफ होत नाही. परवा विचारत होत्या, "इसबगोल सुरू करू की रोज ताक पिऊ?"

पोट साफ होण्यासाठी इसबगोलच सरस. चमचाभर भुसा पेलाभर पाण्यात टाका, थोड्या वेळात बुळबुळीत होतो. आतड्यातही तो असंच पाणी धरून मळ मऊ करतो. जेवणानंतरची साखरही जरा हळू चढते. पण पाणी कमी पडलं तर घशात, आतड्यात अडकू शकतो. गोळ्यांसोबत घेतला तर त्या नीट शोषल्या जात नाहीत, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवाच.

ताक स्वस्त, कष्ट फक्त विरजणाचे. त्यातले जिवंत जिवाणू उकळल्यावर मरतात, म्हणजे कढीत तो फायदा नाही. जिरेपूड घाला, रक्तदाब असेल तर मीठ जपून. बद्धकोष्ठावर मात्र ताकाचा भरवसा कमी.

मावशींना मी इसबगोल सांगितला. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना ताक बहुधा मानवतं. किडनीचा आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी विचारा.